भाबडे कोण?

बी. सी. दत्त यांचं ‘म्युटिनी ऑफ द इनोसन्ट्स’ (१९७१) घोडपदेवच्या आमच्या खोलीत मी नुकतंच पुन्हा वाचलं. १९४६च्या नौदल उठावाकडे ते स्वातंत्र्यलढा म्हणून पाहतात. आवारात घोषणा लिहिताना पकडला गेलेला हा खलाशी. त्याला तो हक्क आहेच.

या खेपेला मी अडकलो तो कमांडर किंगपाशी. उठावावरच्या बहुतेक लिखाणात हा माणूस ‘ठिणगी’ म्हणून एका वाक्यात संपतो. कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल-शाळेचा प्रमुख. फेब्रुवारीत तो बराकीत शिरला आणि खलाशांचा आईबापावरून उद्धार करून गेला. खलाशांनी तक्रारी केल्या, त्याही एकेकट्याने. कारण सामूहिक अर्ज म्हणजेच बंड! त्या ऐकायला बसला खुद्द किंग. खोट्या तक्रारीचे परिणाम गंभीर असतात, हेही त्यानेच बजावलं. १८ फेब्रुवारीला खलाशांनी जेवण नाकारलं. मग किंगला हटवलं, पण उठाव तलवारबाहेर गेलाच.

म्हणून शीर्षकातला ‘इनोसन्ट्स’ मला पटत नाही. नियम पाळून वेगवेगळे अर्ज लिहिणारी पोरं भाबडी कशी? भाबडे असतील तर ते अर्ज किंगकडेच पाठवणारे.

आजोबांच्या मिलमध्ये जॉबरविरुद्धचं गाऱ्हाणं जॉबरमार्फतच वर जायचं. २२ फेब्रुवारीला खलाशांसाठी परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या, त्याचं इथे कुणाला नवल वाटलं नसणार.