देवळालीचे स्थानक आणि वारसामूल्याचे निकष

रेल्वेस्थानकाच्या वारसामूल्याचा विचार आपल्याकडे बहुधा शिल्पाच्या अंगाने होत आला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा समावेश २००४ साली जागतिक वारसा यादीत झाला, तो त्याच्या वास्तुशैलीच्या बळावर. भायखळ्याच्या स्थानकाला २०२२ साली युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक विभागीय पारितोषिक मिळाले, तेही जीर्णोद्धाराच्या गुणवत्तेबद्दल. हे निकष योग्यच आहेत. परंतु तेच लावून नाशिक जिल्ह्यातील देवळालीसारखे लहान स्थानक तपासले, तर त्याच्या पदरी फारसे काही पडणार नाही. तेव्हा उणेपणा स्थानकात आहे की निकषात, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने थोर कलाकृतींबरोबरच, काळाच्या ओघात सांस्कृतिक अर्थ पावलेल्या साध्या वास्तूंनाही संरक्षणाच्या कक्षेत घेतले. ऑस्ट्रेलियात १९७९ साली सिद्ध झालेल्या बर्रा सनदेने सौंदर्यमूल्याच्या जोडीला ऐतिहासिक व सामाजिक मूल्यही मानले. म्हणजे तत्त्वतः लहान स्थानकाचा मार्ग मोकळा आहे. अडचण आहे ती पुराव्याची. दगडी कमान डोळ्यांना दिसते. सामाजिक अर्थ कोठे पाहावयाचा? तो प्रथम भाषेत पाहावयास हवा, असे म्हणता येईल.

नाशिक रोड हेच उदाहरण घ्यावे. डहाणू रोड, वसई रोड, केळवे रोड या नावांप्रमाणे येथेही ‘रोड’ हे पद एक अंतर सांगते: स्थानक गावात नाही, गावाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. नाशिक शहर व हे स्थानक यांमधील सुमारे ९ किलोमीटरचे अंतर एके काळी घोड्यांची ट्रामगाडी तोडीत असे. १९३० नंतर लवकरच ती बंद पडली. पुढे स्थानकाभोवती वस्ती वाढली आणि ‘नाशिकरोड’ हे त्या वस्तीचेच नाव झाले. ट्रामचा मागमूस उरला नाही, अंतरही वस्तीने भरून निघाले. नावाने मात्र दोहोंची साक्ष राखली.

देवळालीचे प्रकरण याहून बोलके आहे. येथील लष्करी तळावर मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने अडकून पडत. त्या रिकामपणातून आलेल्या मनोविकाराला त्यांनी गावाचेच नाव दिले, त्याला आपला ‘ताप’ जोडला, आणि ‘डुलॅली’ हा शब्द इंग्रजीत वेडसर या अर्थाने रूढ झाला. आज तो वापरणाऱ्या बहुतेकांना देवळाली ठाऊक नसते. गावातही एका नावाची अनेक रूपे नांदतात. मराठीतला ‘ळ’ हिंदी लेखनात ‘ल’ होतो. रोमन लिपीत छावणीने ‘देओलाली’ असे जुने रूप राखले, तर रेल्वेने ‘देवलाली’ हे रूप स्वीकारले. स्थानकाची पाटी ही या अर्थाने दिशादर्शक वस्तू नव्हे, एक भाषिक दस्तऐवजच होय.

अमृत भारत योजनेखाली नूतनीकरण झालेल्या ज्या १०३ स्थानकांचे २२ मे २०२५ रोजी उद्घाटन झाले, त्यांत देवळाली व लासलगाव यांचा समावेश होता. स्थानिक संस्कृतीचे प्रतिबिंब इमारतीत उमटावे, असा या योजनेचा एक घोषित हेतू आहे. हेतू स्तुत्य आहे. तथापि संस्कृती म्हणजे दर्शनी भागावर लावावयाची नक्षी, असा अर्थ घेतला, तर जतनाची जागा सजावट घेईल. याउलट प्रवाशाला उद्वाहक, सावली व स्वच्छ पाणी नाकारून स्थानकाचे संग्रहालय करणे, हेही अन्यायाचेच. स्थानक वापरात राहणे हा त्याच्या मूल्याचाच भाग आहे.

यातून निघणारा मार्ग आग्रही असला तरी खर्चिक नाही. बदल करण्यापूर्वी पाट्यांची लेखनरूपे नोंदवावीत. निवृत्त रेल्वे कामगार, हमाल व टांगेवाले यांची बोली ध्वनिमुद्रित करावी. ‘प्लॅटफॉर्म’चा ‘फलाट’ व ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ याच मंडळींच्या तोंडी घडले. ‘आगगाडी’ हा शब्द तर आगीच्या पश्चात जगला: १९३० च्या सुमारास विजेची इंजिने कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीपर्यंत येऊ लागली, तरी गाडी आगगाडीच राहिली. परंतु शब्दाचे हे आयुष्यही बोलणाऱ्यांच्या आयुष्याने मर्यादित असते. इमारत पाडावयाची तर निदान कागदावर आदेश निघतो. बोली नाहीशी होते तेव्हा तेवढीही नोंद होत नाही.

‘वारसा’ या मराठी शब्दात ‘वारस’ गृहीत आहे. वस्तू जुनी असल्याने वारसा होत नाही. ती आपली म्हणून सांगणारा कोणी असावा लागतो. देवळालीच्या स्थानकाचे मूल्य ठरविताना दगडाचे वय मोजण्याआधी या वारसांचे बोलणे ऐकले पाहिजे. ते काम वास्तुतज्ज्ञाचे नाही. ते भाषेच्या अभ्यासकाचे आहे, आणि त्यासाठी उपलब्ध असलेला अवधी थोडा आहे.