कोपरखळीचे अंतर

जाता जाता कोणाला काही सहज बोलण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत, ते एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत: कोपरखळी, चिमटा, टपली. तिन्ही शब्द अंगाशी जोडलेले आहेत. कोपरखळी मारायची तर माणूस शेजारी बसलेला हवा. चिमटा काढायचा तर त्याची कातडी हाताला लागायला हवी. टपली डोक्यावर मारतात आणि ती कोणी कोणाला मारायची याचे नियम घरोघरी ठरलेले असतात. ही गोष्ट एकट्या मराठीची नाही. हिंदीत ‘चुटकी’ घेतात. गुजरातीत ‘टकोर’ करतात, म्हणजे हलकेच ठोकतात. बंगालीत ‘खोंचा’ देतात, जो आपल्या ‘खोच’ या शब्दाचा सख्खा शेजारी वाटतो. असे बोलणे हाताच्या अंतरावरून करायचे असते, हे आपल्या भाषांनी फार पूर्वी ओळखलेले दिसते.

राजकारण, नवी यंत्रे, गॅसचा भाव, सकाळची बातमी यांवर दिवसभर चालणाऱ्या सहज बोलण्याचा साहित्य म्हणून विचार करायचा, तर मला हे अंतर सर्वांत महत्त्वाचे वाटते. या बोलण्याबद्दल आज दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की हा सगळा उथळ गोंगाट आहे आणि त्याने भाषा बिघडली. दुसरे असे, की पूर्वी मोजके लोक बोलत, आता सगळे बोलतात, हीच खरी लोकशाही. दोन्ही मते कोण बोलतो आणि किती चांगले बोलतो याविषयी आहेत. बोलणे किती लांबून कोणाला ऐकू जाते आणि वाटेत त्याचे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे सुटून जातो.

मराठी समीक्षेने या प्रकाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आपण त्याला ‘स्फुट’ म्हणतो आणि म्हणताना हात झटकतो: किरकोळ, सुटे, संग्रहात न बसणारे. संस्कृतात ‘स्फुट’ म्हणजे उमललेले, स्पष्ट झालेले; तो अर्थ आपण वापरत नाही. खरे तर मराठी गद्याची पायाभरणी बरीचशी अशाच सुट्या लेखनाने केली. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १०८ पत्रे लिहिली. ती घाईत लिहिलेली, बोलभाषेच्या जवळची आणि कधी पुनरुक्तीने भरलेली आहेत. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्यावर कडाडून टीका केली. तरी ‘शतपत्रे’ आजही वाचवतात, कारण हा माणूस कोणाशी भांडतो आहे हे प्रत्येक पत्रात दिसते. तो आपल्याच जातीच्या, आपल्याच शहरातल्या लोकांच्या शेजारी बसून त्यांना कोपर मारतो आहे.

शेरा कसा वाचायचा याचा एक नमुना देतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात बँकेच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका वयस्क बाई मागे वळून म्हणाल्या, ‘‘माझ्याच पैशांना भेटायला आलेय, पण साहेब कामात आहेत.’’ आसपासचे आठ-दहा लोक हसले. त्यात जुन्या नोटांचे पुडके धरून उभा असलेला, निर्णयाचे जोरात समर्थन करणारा तरुणही होता.

या वाक्यातला साहेब कोण? पहिल्या ऐकण्यात ते पैसेच आहेत; घरातले पैसे मोठ्या हुद्द्यावर गेले आणि आता ओळख दाखवत नाहीत. दुसऱ्या ऐकण्यात तो काचेपलीकडचा, बिचारा घामाघूम झालेला कर्मचारी आहे. तिसऱ्यात सरकार आहे. बाईंनी तिघांपैकी एकालाही निवडले नाही. त्यामुळे वाक्यात आरोप नाही आणि ते खोडून काढता येत नाही. तरी रांगेतला प्रत्येक जण काय ते समजला. ‘भेटायला आलेय’ या क्रियापदात सरकारी कचेऱ्यांच्या बाकांवर काढलेले आयुष्य आहे. समर्थक तरुणाला हसता आले, कारण बाईंनी त्याला पक्ष बदलायला सांगितले नव्हते. त्या त्याच्याच रांगेत उभ्या होत्या.

दोन दिवसांनी हेच वाक्य मला फोनवर आले. सूर्यास्ताच्या चित्रावर छापलेले, खाली एका प्रसिद्ध दिवंगत लेखकाचे नाव आणि वर ‘देशातल्या प्रत्येक आईचा आक्रोश’ असा मथळा. शब्द जवळजवळ तेच होते, पण साहेब आता एकच उरला होता. रांग नव्हती, घामाघूम कर्मचारी नव्हता, वळून पाहणारी बाई नव्हती. ज्याला सरकार आवडत नाही त्याने ते पुढे पाठवले, ज्याला आवडते त्याने शिवी दिली. शेऱ्याची घोषणा झाली होती.

हा बदल मला निव्वळ रसिकतेच्या दृष्टीने खटकत असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण सूर हरवलेल्या वाक्यासाठी या देशात माणसे तुरुंगात गेली आहेत. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला तेव्हा पुराव्यात ‘केसरी’तल्या शिवाजी उत्सवाच्या वृत्तांताबरोबर शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविताही होती. कवितेत कोण बोलते, हा साहित्याचा प्राथमिक प्रश्न तिथे गुन्ह्याचा प्रश्न झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायद्यातल्या ‘अप्रीती’चा अर्थ प्रीतीचा अभाव असा सांगितला. एवढी रुंद व्याख्या केली, की कुठलाही तिरकस सूर तिच्यात बसतो. १९०८ च्या खटल्यात ज्यूरीवर सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि मराठी लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून गेले. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ स्वतःचा बचाव केला आणि त्यातला मोठा भाग मराठी शब्दांचे भाषांतर कसे चुकले हे सांगण्यात घालवला. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. टिळकांचे अग्रलेख सहज शेरे नव्हते, हे उघड आहे. मी त्यांची आठवण काढतो ती एवढ्यासाठी, की सूर न कळणारा वाचक सत्तेच्या खुर्चीत बसला की काय होते, हे त्यांत स्वच्छ दिसते.

शंभर वर्षांनंतर भाषांतराचीही गरज उरली नाही. एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात एका प्राध्यापकाला अटक झाली. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाच्या आधाराने केलेली राजकीय चेष्टा त्याने आपल्या ओळखीच्या लोकांना ई-मेलने पाठवली होती. हा चित्रपट बंगाली घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतो. चेष्टेचा सगळा आधार त्या सामाईक आठवणीवर होता. पोलिसांच्या नोंदीत ती आठवण गळून पडली. त्याची पूर्ण सुटका व्हायला २०२३ उजाडले. त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि तो मजकूर आवडल्याचे नुसते बटण दाबणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. गडबडीच्या दिवशी घरात कोणीही बोलून जाईल असे ते वाक्य होते.

या दोन्ही प्रकरणांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ लावले गेले होते. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ असे शब्द त्यात गुन्ह्याच्या व्याख्येत आले होते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम रद्द केले. न्यायमूर्ती नरिमन यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रात अभिव्यक्तीचे तीन प्रकार वेगळे केले आहेत: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोहोंना संरक्षण आहे, तिसऱ्यापाशी कायदा हात घालू शकतो. समीक्षक म्हणून मला हे वर्गीकरण मोलाचे वाटते, कारण ते मूलतः वाचनाचे वर्गीकरण आहे. पण कोपरखळी यांतल्या कुठल्या खणात ठेवायची? ती चर्चा नाही, कारण ती मुद्दा मांडत नाही. ती कशाचा पुरस्कारही करत नाही. आणि लांबून पाहणाऱ्याला ती सहज चिथावणी वाटू शकते. न्यायालयाने कलम रद्द केले. ऐकणाऱ्याला कान देणे मात्र न्यायालयाच्या हातात नसते.

वाचन फसण्याची दुसरी बाजू याहून भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा फोनवरून फिरत होत्या. त्या काळात देशभर पसरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी मुलांच्या सुरक्षिततेविषयी इशारा देणारा फलक होता. तो कोणीतरी कापला आणि जाहिरातीची बातमी झाली. पालघरमध्ये साध्या वाक्यात नसलेला गुन्हा वाचला गेला. इथे चौकट काढून घेतलेली गोष्ट जशीच्या तशी खरी मानली गेली. दोन्हीकडे कोणी, कोणाला, कुठे, कधी सांगितले हे हरवले होते. पुढे व्हॉट्सअॅपने पुढे पाठवलेल्या निरोपांवर खूण लावली आणि भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. निरोपाने किती प्रवास केला हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, हे त्या खुणेमागचे गृहीत मला समीक्षेच्या अगदी जवळचे वाटते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. जवळचे बोलणे तेवढे चांगले, असे मी म्हणतो आहे का? ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण अगदी हाताच्या अंतरावरची आहे, आणि त्या अंतरावर सुनेला उत्तर द्यायची सोय नाही. गावातला जातीवरून मारलेला टोमणाही शेजारूनच येतो. ज्यांना जवळून उलटून बोलता आले नाही, त्यांनी लांबून लिहिले. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही, हे त्यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. सूर चुकीचा वाचला गेल्याने ज्या पत्राच्या संपादकाने तुरुंगवास भोगला, त्याच पत्राने दुसऱ्याच्या आवाजाला दार लावून घेतले होते. म्हणून जवळीक हा निकष मी मानत नाही.

माझा निकष असा: शेरा लांब जावो, पण त्याने आपले अंतर सोबत न्यावे. ‘बहिष्कृत भारता’तली आंबेडकरांची स्फुटे पाहा. त्यांतल्या एका सदराचे नावच ‘आजकालचे प्रश्न’ असे होते. आजकाल म्हणजे १९२७ च्या आगेमागे. तो आजकाल संपून जवळजवळ शंभर वर्षे झाली, तरी ही स्फुटे वाचता येतात. कुठल्या बातमीला उत्तर आहे, कोणाला सुनावले आहे, बोलणारा कुठे उभा आहे, हे सगळे त्यांच्या अंगावरच लिहिलेले आहे. याउलट परवा फोनवर आलेला बिननावी, बिनतारखेचा विनोद आठवड्यात शिळा होतो किंवा, त्याहून वाईट, कधीच शिळा होत नाही. प्रत्येक निवडणुकीत नवे नाव चिकटवून तोच परत येतो. टोपणनावाला माझी हरकत नाही. लोकहितवादी हे टोपणनावच होते, आणि देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. पण १०८ वेळा तेच नाव खाली लिहिले की त्या नावावर जबाबदारी साठत जाते.

मराठी समीक्षेने एवढे काम तरी अंगावर घ्यावे असे मला वाटते. स्फुटांचे संग्रह काढताना तारखा आणि निमित्ते गाळू नयेत. ‘कालातीत’ करण्याच्या हौसेने ती गाळली जातात आणि फोनवरचा निरोप आणि पुस्तकातले पान यांत मग फरक उरत नाही. वर्गात कविता शिकवताना ‘इथे कोण बोलते आहे’ हा प्रश्न आपण विचारतोच. तोच प्रश्न त्याच वर्गात सकाळी फोनवर आलेल्या वाक्यालाही विचारावा. कोण, कोणाला, कधी, कुठे बसून. उत्तर सापडले नाही तर ते वाक्य कितीही खुसखुशीत असले तरी तिथेच थांबू द्यावे.

रांगेतल्या त्या बाईंचे वाक्य या लेखात मी सांगितले, तेव्हा त्यासोबत रांग, महिना आणि हसणारा तरुण हेही सांगावे लागले. त्याने वाक्य थोडे जड झाले, हे मला दिसते. तिचे नाव मला ठाऊक नाही. पण ते वाक्य तिचे आहे, सूर्यास्ताच्या चित्राखाली ज्याचे नाव छापले होते त्या लेखकाचे नव्हे, एवढे तरी आता कुठेतरी लिहून ठेवलेले आहे.