उंबरठा नसलेला अणू

'फॉलआउट ३' (२००८) या भूमिका वठवण्याच्या संगणकीय खेळात 'फॅट मॅन' हे एकट्याने उचलून डागायचे शस्त्र आहे. त्याचा गोळा म्हणजे 'मिनी न्यूक', एक चिमुकला अणुबाँब. अशा कल्पिताला भौतिकीची कसोटी लावणे हा रसभंग होय, असा आक्षेप घेतला जातो. परंतु संहितेने कोणता नियम मोडला याहून तो मोडून तिने काय साधले, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे.

तोफेची दारू चिमूटभर घेतली तर स्फोटही चिमूटभर होतो. विखंडनाचे तसे नाही. प्लुटोनियम-२३९च्या उघड्या गोळ्याचे क्रांतिक वस्तुमान सुमारे १० किलो असते. न्यूट्रॉन परतवणारे आवरण आणि अंतःस्फोटाने वाढवलेली घनता यांमुळे नागासाकीच्या बाँबला सुमारे ६ किलो पुरले. सीमा अशी खाली सरकते, पण नाहीशी होत नाही. तिच्या अलीकडे साखळी-प्रक्रिया टिकतच नाही. अमेरिकन सैन्याचे 'डेव्ही क्रॉकेट' हे या कल्पिताचे वास्तवातील जवळचे नातलग. १९६२ मध्ये नेवाडात त्याची चाचणी झाली. शक्ती अवघी १० ते २० टन टीएनटीइतकी, तरी त्यातील अण्वस्त्र सुमारे २३ किलोंचे होते. शिवाय स्फोट लहान झाला म्हणून किरणोत्सर्ग त्या मानाने सौम्य झाला नव्हता.

खेळात दारूगोळ्याला वजनच नाही. भूछत्राकार ढग उठतो, डागणारा थोड्या अंतरावर सुखरूप राहतो आणि अंगात भिनलेला किरणोत्सर्ग 'रॅडअवे' नामक औषधाने उतरतो. उंबरठा गेला की अणुस्फोट हातबाँबच्या पंगतीत बसतो. जातीचा भेद अंशाचा होतो. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत चिन्हक तेवढा उरतो, चिन्हित निसटते.

हे सारे १९५०च्या दशकातील अमेरिकन अणुभक्तीचे विडंबन आहे, असे समर्थन करता येते, आणि मालिकेच्या चित्रशैलीपुरते ते मान्यही करावे लागेल. मात्र विडंबनात वाचकाला अंतरावर उभे करावे लागते. येथे गोळा दुर्मीळ असल्याने खेळाडू तो बड्या शत्रूसाठी राखून ठेवतो, आणि डागल्यावर त्याला मिळते ते निखळ समाधान.

शस्त्राचे नाव ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकलेल्या बाँबचे आहे. जपानी आवृत्तीत ते बदलून 'नुका लाँचर' करण्यात आले. भौतिकी कोणाला खटकली नव्हती. गोळा आणि ढग होते तसेच राहिले.