सेमेलवाइस यांचा सूतिकाज्वरविषयक ग्रंथ
इग्नाझ सेमेलवाइस यांच्या १८६१ सालच्या ग्रंथाची थोरवी सामान्यतः क्लोरीनमिश्रित पाण्याने हात धुण्याच्या नियमात शोधली जाते. हे मत अपुरे आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात तो नियम मे १८४७ मध्ये लागू होऊन मृत्यू घटले. परंतु ग्रंथाचा खरा कस ऑक्टोबरच्या प्रकरणात लागतो. गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित अशा एका प्रसूतेस पहिली खाट मिळाली होती. तपासणीचा आरंभ तिच्यापासून होई आणि पुढे जाताना हात केवळ साबणाने धुतले जात. त्या वेळी प्रसूत झालेल्या १२ पैकी ११ स्त्रिया दगावल्या. शवांतील द्रव्य हेच कारण, हा स्वतःचाच सिद्धान्त सेमेलवाइस यांनी येथे रुंदावला. जिवंत देहातील कुजका स्रावही तितकाच घातक ठरला. खाटांच्या क्रमाकडे असलेले हे अवधान विलक्षण होय. उत्तरार्धातील प्रतिपक्षावरची आगपाखड मात्र त्यास झाकोळून टाकते.