‘कोणता कन्सोल सोपा?’ : एका तुलनेची तपासणी

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्यांच्या पहिल्या सिनॉप्सिसवर एक शीर्षक हमखास दिसतं : ‘अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास’. शीर्षक चांगलंच आहे. पण तुलना कशाची, कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत, हे आत कुठेच सापडत नाही, आणि मग आरआरसीसमोर गाडी अडते. आज हा मुद्दा पुस्तकी उदाहरण न घेता गेमिंग कन्सोलवर तपासू.

प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एस आणि निन्टेन्डो स्विच यांच्या तुलना तुम्ही पाहिल्याच असतील. साचा ठरलेला असतो. मेनू किती सुटसुटीत आहे, कंट्रोलर हातात कसा बसतो, गेम किती सेकंदांत उघडतो, आणि शेवटी दहापैकी गुण. आकडे खोटे नसतात. अडचण अशी की ते नुसत्या कन्सोलचे नसतात. वेगवान इंटरनेट, अखंड वीज आणि स्वतंत्र टीव्ही असलेल्या एका खोलीचेही ते गुण असतात, आणि ती खोली कुठे नोंदवलेली नसते.

आता व्याख्या बघा. वापरसुलभतेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९२४१-११ हे १९९८ साली आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. ते तीन गोष्टी मोजायला सांगतं : काम पूर्ण होतं का, त्याला किती वेळ-श्रम-पैसा लागतो, आणि माणूस समाधानी आहे का. पण त्याआधी त्याची अट आहे की वापरणारा कोण, त्याचं उद्दिष्ट काय आणि परिस्थिती कोणती, हे ठरवा. म्हणजे ‘सोपेपणा’ हा यंत्राच्या वजनासारखा गुणधर्म नाही. माणूस, काम आणि जागा बदलली की तो बदलतो.

जागा म्हणून आपला अहिल्यानगर जिल्हा घेऊ. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा, १४ तालुक्यांचा. सावेडीतला फ्लॅट, गावठाणातलं घर आणि पाथर्डीकडची शेतातली वस्ती या तीन ठिकाणी वीज आणि नेट सारखं नसतं. तीन साधी कामं ठरवू.

पहिलं काम : नवा गेम सुरू करणे. सिरीज एस हा नवख्यांसाठी स्वस्त पर्याय म्हणून सुचवला जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये तो भारतात ३४,९९० रुपयांना आला. पण त्याला डिस्क ड्राइव्हच नाही, आणि पहिल्यांदा चालू करतानाही इंटरनेट लागतं. मोठे गेम सहज ५० जीबी आणि त्याहून जास्त असतात. रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर ५० जीबी म्हणजे २५ दिवस, तेही घरात दुसऱ्या कुणी नेट वापरलं नाही तर. डिस्कवाल्या प्लेस्टेशन ५ वर पुढचे अपडेट उतरवावे लागतात, तरी गेमचा मोठा भाग बहुधा डिस्कवरूनच येतो. शिवाय खेळून झाल्यावर डिस्क विकता येते. वायफाय असलेल्या फ्लॅटमध्ये हा फरक जाणवणारही नाही, वस्तीवर मात्र याच एका गोष्टीवर निकाल लागतो.

दुसरं काम : मध्येच लाइट गेली तर पुढे खेळणे. एक्सबॉक्सच्या ‘क्विक रिझ्यूम’चं खूप कौतुक होतं, आणि एका गेममधून दुसऱ्यात जायला ते छानच आहे. पण ऐन खेळात लाइट गेली, तर एक्सबॉक्स काय आणि प्लेस्टेशन काय, शेवटच्या सेव्हपासूनच सुरुवात. स्विचला स्वतःची बॅटरी आहे. टीव्ही बंद पडला तरी कन्सोल चालूच राहतो. डॉकमधून काढायचा आणि हातात धरून खेळायचं.

तिसरं काम : घरातला एकमेव टीव्ही मालिका किंवा बातम्यांसाठी हवा असताना खेळणे. इथेही स्विच पुढे. त्याला स्वतःचा स्क्रीन आहे.

मग स्विच जिंकला? थांबा. निन्टेन्डोने तो भारतात अधिकृतपणे आणलेला नाही. जॉय-कॉन बिघडला तर कंपनीच्या वॉरंटीचा आधार इथे नाही. ‘दैनंदिन वापर’ म्हणताना दुरुस्ती त्यात धरायची की नाही, हे संशोधकाने आधीच ठरवायला हवं. निकाल बघून मग ठरवलं, तर तो अभ्यास राहत नाही.

काही जण म्हणतील, एसयूएस प्रश्नावली वापरू, प्रश्न मिटला. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही १० विधानांची प्रश्नावली ० ते १०० मध्ये गुण देते. सोपी आणि उपयोगी आहे. पण सगळं जोडून दिलेल्या कन्सोलवर अर्धा तास खेळून भरून घेतली, तर डाउनलोडची वाट, लाइट आणि टीव्हीवरची ओढाताण तिच्यात येणारच नाही. तिच्यात विषम क्रमांकाची विधानं होकारार्थी आणि सम क्रमांकाची नकारार्थी असतात. मराठी भाषांतरात ‘नाही’वर ‘असहमत’ आलं की उत्तर देणारा गोंधळतो, म्हणून भाषांतर आधी थोड्या लोकांवर तपासून घ्या. आणि तिन्ही कन्सोल एकाच माणसाला देणार असाल, तर क्रम बदलत ठेवा. तीन वस्तूंचे सहा क्रम होतात, म्हणून सहभागींची संख्या सहाच्या पटीत ठेवणं सोयीचं.

‘मग काय प्रत्येक गावासाठी वेगळा अभ्यास करायचा?’ हा आक्षेप रास्त आहे. तशी गरज नाही. गावाचं नाव हे चल नव्हेच. विजेचा खंड, रोजचा डेटा, घरातले टीव्ही आणि दुरुस्तीची सोय हे चल आहेत. ते नोंदवले, तर नगरमधला निष्कर्ष तशाच परिस्थितीतल्या बीडच्या वाचकालाही वापरता येतो. नोंदवले नाहीत, तर तो पुण्याच्या वाचकालाही धड लागू होत नाही.

हा नुसता काटेकोरपणाचा हट्ट नाही. ‘नवख्यांसाठी सर्वात सोपा’ या एका ओळीवर विसंबून एखादं कुटुंब पस्तीस हजार खर्च करतं, आणि मग गेम उतरायची वाट बघत महिना काढतं. त्या ओळीत ‘नवखा’ कोण, हे कुणी ठरवलेलं नसतं. आपल्या शोधनिबंधातल्या ‘ग्रामीण विद्यार्थी’, ‘सामान्य वापरकर्ता’ या शब्दांचंही असंच होतं. वाक्य छान जमतं, पण आतला माणूस गायब असतो.

तेव्हा आज एवढं करा. तुमच्या ‘तुलनात्मक अभ्यास’ शीर्षकाखाली तीन ओळी लिहा : कोण वापरणार, कशासाठी, कोणत्या परिस्थितीत. एखादी ओळ लिहिता आली नाही, तर वाचन तिथूनच सुरू करा. प्रश्नावली नंतर.