भय आहे, भ्यालेला कोठे आहे? : ‘स्किनामरिंक’ आणि भयानक रसाचा प्रश्न

कॅनडातील एडमंटनचा दिग्दर्शक काइल एडवर्ड बॉल याचा ‘स्किनामरिंक’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट २०२२ च्या जुलैमध्ये माँट्रिऑलच्या फँटेझिया महोत्सवात प्रथम दाखवला गेला. खर्च सुमारे पंधरा हजार डॉलर. चित्रण झाले ते दिग्दर्शक ज्या घरात लहानाचा मोठा झाला त्याच घरात, आणि तेही आठवडाभरात. पुढे एका महोत्सवाच्या घरबसल्या चित्रपट पाहण्याच्या सोयीत काही बिघाड होऊन त्याची प्रत बाहेर फुटली आणि जानेवारी २०२३ मध्ये तो अमेरिकेतील चित्रगृहांत लागण्यापूर्वीच त्याच्याविषयी दोन परस्परविरोधी मते तयार झालेली होती. शंभर मिनिटे भिंती, छत आणि दाराच्या चौकटी पाहायला लावणारा हा चित्रपट म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, असे एक मत. इतके भय आजवर कोणत्याही चित्रपटाने दिले नाही, असे दुसरे. मधले मत जवळजवळ नाहीच, ही यातील लक्षणीय गोष्ट.

या दुफळीचे जे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते ते असे, की काही प्रेक्षकांजवळ धीर असतो, काहींजवळ नसतो. हे स्पष्टीकरण मला आळशीपणाचे वाटते. धीराची कसोटी पाहणारे चित्रपट पुष्कळ आहेत. बॉलच्याच देशाच्या मायकल स्नोचा ‘वेव्हलेंग्थ’ (१९६७) पंचेचाळीस मिनिटे एका खोलीतून समोरच्या भिंतीवरील छायाचित्राकडे सरकत राहतो. त्याला कंटाळणारे प्रेक्षक पुष्कळ असतील, पण त्याने आपल्याला फसवले अशी तक्रार फारसे कोणी करत नाही. फसवणुकीची भाषा तेथेच येते जेथे काहीतरी देण्याचा करार गृहीत धरलेला असतो. ‘स्किनामरिंक’ भयपट म्हणून समोर येतो. तेव्हा विचार करायचा तो भयपटाने देऊ केलेल्या अनुभवाच्या घटकांचा, आणि त्यासाठी आपल्या साहित्यशास्त्राची परिभाषा येथे आश्चर्यकारकरीत्या उपयोगी पडते.

कथा म्हणावी असे थोडेच आहे. वर्ष १९९५. चार वर्षांचा केव्हिन आणि सहा वर्षांची केली ही भावंडे रात्री जागी होतात तो वडील घरात नाहीत. मग खिडक्या नाहीशा होतात, दारे नाहीशी होतात, शौचकूपसुद्धा नाहीसा होतो. मुले पांघरुणे घेऊन खाली दूरदर्शनसंचासमोर येऊन झोपतात. संचावर १९३०-४० च्या सुमाराची, स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली जुनी कार्टून लागलेली असतात. वरच्या मजल्यावरून एक आवाज मुलांना बोलावू लागतो. पुढे जे होते ते क्रूर आहे. पण त्यातले फारच थोडे आपल्याला दिसते. मुलांचे चेहरे तर जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतात ती पावले, केसांचा मागचा भाग, गालिच्यावर विखुरलेले ठोकळे, अंधाऱ्या जिन्याचा वरचा कोपरा. बोलणे कुजबुजीत चालते. काही वाक्यांना पडद्यावर अक्षरे दिलेली आहेत, काहींना नाहीत.

भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत त्यांत विकृत ध्वनी आहेत, सत्त्वदर्शन आहे आणि शून्यागारही आहे. ओस घर, विचित्र आवाज: या चित्रपटाची सामग्री म्हणजे जणू त्या यादीचाच एक तुकडा. परंतु यादीतील सत्त्व, म्हणजे ज्याला भ्यायचे ते, येथे गैरहजर आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर उद्दीपन विभाव अतोनात आणि आलंबन विभाव शून्य. एवढ्यावरूनच काही समीक्षकांनी या चित्रपटाला ‘सूचक’ ठरवून टाकले आहे. न दाखवता भिववणे ही मात्र काही नवी गोष्ट नव्हे. धारप-मतकरींच्या गूढकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला तर ती मुळीच नवी नाही. दार वाजते, उघडल्यावर कोणी नसते, आणि वाचक घाबरतो. पण तो कशामुळे घाबरतो? दार उघडणारा घाबरलेला असतो म्हणून. आलंबन नसले तरी तेथे आश्रय असतो, म्हणजे ज्याच्या ठायी भय वसते असे पात्र असते. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) मध्ये चेटकीण एकदाही दिसत नाही. परंतु कॅमेरा पात्रांच्या हातात आहे आणि तो थरथरतो. अदृश्याचे माप त्या थरथरीवरून आपल्याला घेता येते.

‘स्किनामरिंक’ने काढून घेतले आहे ते हे माप. अभिनवगुप्ताने भयानकाची प्रतीती कशी होते हे सांगताना शाकुंतलातील पाठलाग होणाऱ्या हरिणाचा श्लोक घेतला आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या विवेचनाचा आशय असा, की श्लोक ऐकताना हे अमुक हरीण, अमुक वेळ, अमुक स्थळ ही विशेषे गळून पडतात आणि देशकालाने न बांधलेले भय तेवढे डोळ्यांपुढे उभे राहते. साधारणीकरण म्हणतात ते हेच. मात्र कालिदासाच्या श्लोकात हरिणाचे भ्यालेले शरीर किती रेखीव आहे, याकडे लक्ष द्यावे. वळलेली मान, आक्रसलेला मागचा भाग, तोंडातून गळणारे अर्धे चघळलेले गवत, हे सर्व अनुभाव आहेत. विशेष गळून पडण्यासाठी ते आधी असावे लागते. बॉल हरीणच दाखवत नाही. शिकारीही दाखवत नाही. दाखवतो ते रान. आणि मग आश्रयाची रिकामी जागा प्रेक्षकाने स्वतःच्या देहाने भरावी अशी अपेक्षा करतो.

प्रेक्षकांतील फूट येथून सुरू होते असे मला वाटते. जो त्या रिकाम्या जागी जाऊन उभा राहतो त्याला कॅमेऱ्याची प्रत्येक चौकट ही आपल्याच नजरेची मर्यादा वाटते: आपण खाली झोपलो आहोत, मान वळवण्याचे धैर्य होत नाही, म्हणून छत दिसते आहे. जो उभा राहत नाही त्याला छतच दिसते. त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. कॅमेरा कधी मुलाच्या उंचीवरून पाहतो, कधी कोणाच्याच नसलेल्या कोपऱ्यातून. ही नजर कोणाची हे चित्रपट निश्चित करत नाही. तोदोरोवने १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्‌भुताचा आधार म्हणून जी दोलायमान अवस्था सांगितली (घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक याविषयीची) तिलाही दोलायमान होणारा कोणी तरी लागतो. येथे तो प्रेक्षकच.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांत प्रतीतीच्या उपायांचे वैकल्य आहे, स्फुटतेचा अभाव आहे, संशय आहे. अस्पष्ट चित्र, ऐकू न येणारे संवाद, कोण कोणाशी बोलते आहे याचा गोंधळ: ही तिन्ही विघ्ने ‘स्किनामरिंक’ची साधने आहेत! शास्त्राने जे दोष मानले त्यांनाच सामग्री करणारी कलाकृती म्हणजे शास्त्राचा पराभव, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. विघ्नांच्या यादीत आणखी एक आहे, आणि चित्रपटाच्या चाहत्यांनी विचार करायला हवा तो त्याचा: जे घडते आहे ते माझेच आहे किंवा त्या दुसऱ्याचेच आहे अशा ठाम भावनेने विशिष्ट देशकालात अडकून पडणे. या चित्रपटाच्या बाजूने केले जाणारे सर्वांत हुकमी विधान कोणते? ‘हे माझ्या लहानपणीचे घर आहे.’ तो गालिचा, तो रात्रीचा दिवा, तो खेळण्यातला टेलिफोन. चित्रपटाचे नावही शॅरन, लोइस अँड ब्रॅम या त्रयीमुळे कॅनडातील मुलांच्या ओठी असलेल्या एका गाण्याच्या शब्दावर बेतलेले आहे. म्हणजे ज्यांना तो भिडला त्यांतील अनेकांना तो स्वगत म्हणून भिडला. हा आस्वाद आहे की लौकिक भयाची आठवण, हा प्रश्न टाळता येत नाही. आणि १९९५ या सालाची निवड तो अधिकच तीव्र करते. चित्राला जो जुन्या फिल्मचा दाणेदारपणा आहे तो फिल्मचा नाही. चित्रण आधुनिक डिजिटल कॅमेऱ्याने झाले, दाणे मागाहून घातले. हा जुनेपणा तयार केलेला आहे, आणि स्मरणाकुल प्रेक्षकाला तो आयताच मिळतो.

फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात घरगुतीच परके होऊन परत येते तेव्हाच्या भयाचा विचार केला. या चित्रपटाला तो निबंध किल्लीसारखा लावला जातो, आणि किल्ली लागतेही. इतकी सहज लागते की मला संशय येतो. अशाच इतर किल्ल्याही लावल्या गेल्या आहेत. आरंभी वडील फोनवर कोणाला तरी सांगतात की केव्हिन जिन्यावरून पडला, डोक्याला लागले. तेव्हा पुढचे सारे बेशुद्ध मुलाचे स्वप्न. आईवडील दुरावले आहेत अशी सूचना आहे. तेव्हा सारे घटस्फोटाचे रूपक. नाहीतर मुलांच्या छळाचे. या अर्थनिर्णयांचा हेतू उघड आहे: जे आलंबन चित्रपटाने नाकारले ते मागच्या दाराने आत आणायचे. एकदा ‘हे घटस्फोटाविषयी आहे’ असे म्हटले की भिंत बोलू लागते आणि प्रेक्षक सुटतो. फसवणुकीची तक्रार करणारा प्रेक्षक या अर्थनिर्णायकापेक्षा कलाकृतीशी अधिक प्रामाणिक आहे.

मग चित्रपट श्रेष्ठ कोठे ठरतो? माझ्या मते जेथे त्याला आश्रय सापडतो, आणि तो दृश्यात नव्हे, आवाजात सापडतो. केली वर आईवडिलांच्या खोलीत जाते. पलंगाच्या कडेवर वडील बसलेले, पाठमोरे. ते तिला पलंगाखाली पाहायला सांगतात. ती पाहते. काही नसते. पुन्हा वर पाहते तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आई बसलेली असते. या प्रसंगात जवळजवळ काहीच घडत नाही, परंतु त्या सहा वर्षांच्या मुलीच्या आज्ञाधारकपणात भयाचा जो अनुभाव आहे तो हरिणाच्या वळलेल्या मानेइतका रेखीव आहे. मोठे माणूस सांगते ते करायचे, एवढेच तिला ठाऊक. येथे माझे बालपण, माझा गालिचा, एडमंटन, १९९५ हे सर्व गळून पडते. मुलांच्या कुजबुजीतही हेच आहे: घरात दुसरे कोणी नसेल तर ती हळू का बोलतात? या एका गोष्टीने चित्रपटाने जे साधले ते सर्व अंधाराने मिळून साधलेले नाही. कार्टूनमधला ससा पुन्हा पुन्हा त्याच क्षणी नाहीसा होत राहतो तेही असेच. मुलाच्या हातातील एकमेव ओळखीचे जगही कोणी तरी अडकवून ठेवले आहे.

याउलट, जेथे तो खेळण्यातल्या टेलिफोनचे डोळे मोठ्या कर्कश आवाजासरशी अंगावर आणतो तेथे तो सामान्य भयपटाच्या पातळीला येतो. दचकणे हा व्यभिचारी भाव आहे. तो क्षणात येतो आणि भय असेल तेवढेही घेऊन जातो. असे दचके या चित्रपटात थोडे आहेत, पण ते आहेत, आणि दिग्दर्शकाचा आपल्या भिंतींवर पुरेसा विश्वास नव्हता हे ते सांगतात. मध्यंतरानंतरच्या म्हणता येईल अशा भागात काळाचे ताणणेही यांत्रिक होते. पाचशे बहात्तर दिवस गेल्याची अक्षरे पडद्यावर उमटतात तेव्हा मुलाच्या असहाय्यतेचे जे परिमाण जाणवायला हवे ते अक्षरांनाच वाहावे लागते. दृश्यांनी ते तोवर कमावलेले नसते.

शेवटी अंधारात एक चेहरा दिसतो, किंवा दाण्यांत चेहऱ्याचा भास होतो. तो केव्हिनला झोपायला सांगतो. केव्हिन त्याला त्याचे नाव विचारतो. उत्तर येत नाही. अनेकांनी या चेहऱ्याला चित्रपटाची माघार मानले आहे: जे शंभर मिनिटे दडवले ते अखेर दाखवून टाकले. मला तो प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. इतक्या काळानंतरही हे मूल किंचाळत नाही. समोरच्याला नाव विचारते, पाहुण्याला विचारावे तसे. त्या चार वर्षांच्या आवाजात भय आहे की सवय, हे मला दोनदा पाहूनही ठरवता आलेले नाही.