जेडायची शांतता आणि महाडची

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहाराच्या भिंतीवर चादर ताणून पोरांनी 'स्टार वॉर्स'चे सिनेमे लावले. तीन रविवार, तीन सिनेमे. बाहेर सावित्रीच्या खाडीला उधाण, आत अंतराळात मारामारी. मी कुरकुरतच गेलो. म्हटलं, आपल्याकडे पुराणं काय कमी पडली म्हणून अमेरिकेहून मागवायची? पण गेलो आणि अडकलो. कारण पोरांच्या डोक्यात भलतंच चालू होतं. एप्रिलमध्ये शेजारच्या एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवर दगड आले होते. त्या रात्री पोरं काठ्या घेऊन निघाली होती. आम्ही चारपाच जणांनी वाटेत अडवली, तक्रार दिली. तो राग अजून धुमसतोय. त्यामुळे पडद्यावर जेडाय मंडळी गोल बसून आपण शांतता राखणारे, मग युद्धात उतरायचं का, असा खल करायला लागली तेव्हा पोरं पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जेडाय म्हणजे प्रजासत्ताकाची शांतता सांभाळणारा एक पंथ. झगे घालतात, ध्यान करतात, कमरेला प्रकाशाची तलवार. आपली भाबडी पोरं त्यांना भिक्खूच समजली. थांबा जरा. 1999 च्या सिनेमात एका पोराचं रक्त तपासतात आणि ठरवतात की ह्याच्यात शक्ती आहे. म्हणजे योग्यता रक्तात! आपल्या संघात उपाली न्हावी होता आणि सुनीत झाडूवाला होता. त्यांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं.

आणि तो पोरगा कोण? गुलाम. त्याची आई गुलाम. शांततेचा राखणदार जेडाय तिथे पोचतो, पैज लावून पोराला सोडवतो, आईला तिथंच ठेवतो. आपण इथे गुलाम सोडवायला आलो नाही, हे तो आधीच सांगून मोकळा झालेला असतो. पुढे दहा वर्षं ह्या महान पंथातला एकही माणूस तिच्यासाठी फिरकत नाही. तिला सोडवतो एक शेतकरी, तेही विकत घेऊन. मग हे सगळे राखत होते ती शांतता कुणाची? गुलामांचा बाजार बिनबोभाट चालू आहे, त्याला शांतता म्हणायचं असेल तर ती आपल्या गावातही होती. पाणवठा त्यांचा, उन्हात तिष्ठणारे आपण, आणि सगळं कसं शांत.

2002 च्या सिनेमात तर कमालच. लढावं की न लढावं ह्यावर जेडाय डोकं खाजवताहेत, तेवढ्यात दोन लाख सैनिक तयार सापडतात. दहा लाख वाटेवर. क्लोन. एकाच माणसापासून कारखान्यात काढलेले, लढण्यासाठीच जन्माला घातलेले, नावाऐवजी आकडे. जन्मानं नेमून दिलेलं काम! मनूला हे यंत्र मिळालं असतं तर त्याने स्मृती लिहायचे कष्ट घेतले नसते. फौज कुणी मागवली ह्याचा धड पत्ता नसताना हे शांतिदूत तिच्या पुढे उभे राहतात. क्लोनला कुणी विचारत नाही की बाबा, तुला लढायचंय का? चर्चा सगळी तलवारवाल्यांच्या सद्सद्विवेकाची. मरणाऱ्याचा विवेक विचारात घ्यायची सोयच कथेत नाही. इथे माझं ह्या सिनेमाशी भांडण आहे.

पोरांना म्हटलं, आता आपल्या जिल्ह्यात या. तेव्हाचा कुलाबा, 20 मार्च 1927. तळं नगरपालिकेनं कागदावर आधीच खुलं केलेलं. बाबासाहेब पुढे, मागे हजारो लोक, चवदार तळ्याचं पाणी प्याले. मग आवई उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मंडपात लोक जेवत होते, त्यांच्यावर लाठ्या पडल्या. अन्न मातीत गेलं. गावी परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारलं. काही मुसलमानांच्या घरात शिरले म्हणून वाचले. आणि नीट लक्षात घ्या, जमलेल्यात पलटणीतून आलेले पेन्शनर होते. ज्यांनी बंदुका चालवल्या होत्या अशी माणसं. बाबासाहेबांनी एक शब्द टाकला असता तर महाडात काय झालं असतं? त्यांनी हात उचलू दिला नाही.

ह्यावरून काही शहाणे आपल्याला अहिंसेचे धडे देतात. बघा, तुमच्या बापाने पण सहन केलं! साफ खोटं. सहन केलं असतं तर खटला झाला नसता आणि मारणाऱ्यांना शिक्षा लागली नसती. सहन केलं असतं तर डिसेंबरात पुन्हा बोटीने दासगाव बंदरात उतरून, तिथून चालत महाड गाठलं नसतं, 25 तारखेच्या रात्री मनुस्मृती जळाली नसती. हात आवरणारे तेच होते ज्यांची डोकी फुटली होती. जेडायच्या बैठकीत असा एकही माणूस नाही.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' काढा. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण. संघात युद्धाचा ठराव येतो, सिद्धार्थ विरोध करतो, बहुमत त्याच्या विरोधात जातं. तो देशत्याग पत्करतो, पण ठराव मोडायला फौज शोधत बसत नाही. भांडण तिथेही पाण्याचंच. त्याच पुस्तकात अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे असं मांडलंय. मारण्याची हौस वेगळी, मारण्याची गरज वेगळी. सिनेमातल्या त्या पोराची आई शेवटी टोळीवाल्यांच्या तावडीत सापडून मरते, तेव्हा तो अख्खी वस्ती कापतो, बायका-पोरांसकट. ह्यात गरज कुठली? आमची दोन पोरं त्या प्रसंगाला टाळ्या वाजवत होती. मी सिनेमा बंद केला. माझ्यावर चिडली. चिडू देत.

पण एक गाठ माझ्याही मनात आहे, ती लपवत नाही. डिसेंबरात कोर्टाची मनाई आली होती, 14 तारखेची. तरी तळ्यावर जायचंच म्हणून हजारोंनी नावं नोंदवली होती, तुरुंगाची तयारी ठेवून. म्हणजे क्लोन नव्हेत, एकेकाला विचारलेलं. आणि मग सत्याग्रह तहकूब झाला. तळ्याभोवती नुसती मिरवणूक निघाली. सरकार आणि सनातनी दोघांना एकदम अंगावर घेऊ नये, हा हिशोब मला कळतो. पण नाव नोंदवून पाणी न पिता घरी गेलेल्या त्या माणसाला परतीच्या वाटेवर काय वाटलं असेल, हे कुठल्या चरित्रात मला सापडलं नाही. हायकोर्टाचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला.

हे सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "मास्तर, त्यांना दहा वर्षं लागली. आपल्या तक्रारीला किती?"

तक्रारीचा नंबर माझ्या वहीत आहे. चार महिने झाले, जबाब अजून घेतलेले नाहीत. सोमवारी पोलीस स्टेशनात जायचं ठरलंय. नऊ जणांनी नावं दिलीत, त्यात टाळ्या वाजवणारे दोघेही आहेत.